लोकाटाले देल्ला ताण

परवा आंगणात बसून संत्र्याच्या पेट्या ठोकून राहिलो होतो. एकाएकी नाकात वास आला. खिळा धरला होता तो हात थांबला, हातोडीचा हात काही थांबला नाई. तेव्हापासून साऱ्या गल्लीले सुजलेला अंगठा दाखवत फिरून राहिलो आहे, अन् लोकं म्हणते, "गणपत, आम्ही काय बिघडवलं गा तुहं?"

वास कसा होता, तं कोणी दूर दुसऱ्याच्या घरी बदामाची खीर आटवून राहिलं असावं अन् आपल्याले बोलावणं नसावं, तसा. मान वर केली. लोकाट फुललं होतं.

कार्तिक लागला का असंच होते. दिवसा ऊन मऊ पडते, संध्याकाळी धूर खालच्या खाली फिरते, इतवारीतून येणाऱ्या हातगाड्यांवर हिरवे-पिवळे संत्रे दिसाले लागते, अन् इकडं आमच्या टिनावर हे झाड आपलं दुकान उघडते. दुसरे सारे झाडं थंडीनं पांघरूण ओढून बसते तेव्हा ह्याले लग्न सुचते.

ज्यानं लोकाट पाह्यलं नसन त्याले सांगतो. पानं वीतभर लांब, आंब्यापेक्षा जाड, वरून हिरवे अन् खालून लव असलेले, म्हशीच्या पारडाच्या कानावानी. कळ्या तपकिरी अन् केसाळ, जशी कोणी जुनी घोंगडी फाडून फांदीच्या टोकाटोकाले बांधली. त्या घोंगडीतून पांढरं फूल निघते. फळ म्हणसान तं फाल्गुनात. पिवळं, घोसानं लागते, सुपारीपेक्षा मोठं अन् लिंबापेक्षा लहान. आतमधी गर थोडा अन् बिया भल्ल्या मोठ्या. वरून पाहून माणूस फसते. माह्या सासऱ्याचंही मले पाहून असंच झालं होतं.

नागपूर म्हणजे संत्र्याचा मुलुख. इथी लोकाट कुठून आलं? आमच्या साळ्याच्या ट्रंकेतून आलं.

नामदेवदादा म्हणजे माह्या बायकोचा, कौसाचा, मोठा भाऊ. उमरेडचा माणूस, पण मिलिटरीत डायवर, तिकडं देहरादूनले. सुट्टी भेटली का आधी उमरेडले आईपाशी जाये, मंग येष्टीनं आमच्याकडं. आल्या आल्या ट्रंक उघडे. त्यातून स्वेटर निघे, घोंगडी निघे, चिनी मातीचे कप निघे, कंदील निघे. आमच्या घरातली अर्धी वस्तू मिलिटरीची. कोणी परका आला असता तं त्याले वाटलं असतं का मी फौजेतून पळून आलो.

अन् हा माणूस आमच्या घरी काही मागे नाई. पाणीसुद्धा स्वतः उठून घे. जेवताना कौसा म्हणे, "दादा, अजून एक भाकर?" तं हात आडवा करे. मी मात्र त्याच्या वाटची खाऊन घेत होतो, अन्न वाया जाऊ नये म्हून.

एका चैत्रात त्यानं टोपली आणली. रेल्वेत अर्धे फळं सडले होते, उरलेले नरम. त्यानं म्हटलं, "खाऊन पाह्य बाई, तिकडं ह्याले लोकाट म्हणतात." कौसानं खाल्लं. डोळे मिटून खाल्लं. तिले मी लग्नात पेढा भरवला तेव्हाही तिनं असे डोळे नव्हते मिटले. बिया धुतल्या अन् त्याच दिवशी तुपाच्या रिकाम्या डब्यात टोचल्या. मी हसलो. म्हटलं, "थंड मुलखाचं झाड नागपुरात जगन काय वं? इथी माणसं कसेबसे जगून राहिले." तिनं माह्याकडं पाह्यलं अन् म्हणे, "तुम्ही जगले ना? मंग तेही जगन."

एक बी उगवली. डबा फोडून रोप मोरीजवळ लावलं, कोपऱ्यात, आंघोळीच्या दगडापासून हातभर.

आता माहा धंदा असा, का हिवाळ्यात संत्र्याच्या पेट्या ठोकणे अन् उन्हाळ्यात खसाच्या टट्ट्या बांधणे. सदरमधल्या हापिसांच्या, डॉक्टरांच्या खिडक्यांले मी टट्ट्या बांधो. बांबूच्या चौकटीत खस भरायचा, त्यावर पाणी शिंपडलं का गरम लू आतमधी येतायेता गार होते अन् पावसाचा वास देते. दिवसभर दुसऱ्याले गार करून मी घरी येऊ तं आमच्या टिनाखाली तवा तापलेला. कौसा म्हणे, "एक टट्टी आपल्याले बांधा ना." मी म्हणो, "उद्या." असे लय उद्या गेले.

पण त्या रोपाचा पहिला वैशाख आला अन् पानाच्या कडा जळाले लागल्या. कौसा दिवसातून दहा वेळा त्याच्यावर पदर धरून उभी राही. ते पाहून मले काय झालं माहीत नाई, उरलासुरला खस गोळा केला अन् रोपाच्या तिन्ही बाजूंनी छोट्या टट्ट्या बांधल्या. साऱ्या गल्लीत एकच घर होतं जिथी माणसं उन्हात अन् झाड खसात. संध्याकाळी लोकं पाहाले येत. "गणपतच्या घरी लाटसाहेब उतरला," म्हणत. आम्ही नवराबायको तिथंच बाज टाकून झोपो, कारण का साऱ्या घरात तेवढाच कोपरा गार होता. लाटसाहेबाच्या बंगल्याबाहेर चौकीदार झोपते तसे.

झाड वाढलं. पोट्टेही वाढले. झाडाले मी हात लावला नाई म्हून ते सरळ वाढलं, पोट्ट्यांले मी लय समजावून सांगितलं.

मंग तो हिवाळा आला. दर कार्तिकात तो वास आला का मले तोच हिवाळा आठवते, बाकीचे सारे हिवाळे कुठी गेले पत्ता नाई.

त्या साली झाडाले पहिल्यांदा फूल आलं. त्याच आठवड्यात देहरादूनहून निरोप आला का नामदेवदादाची नोकरी संपून राहिली, होळीनंतर तो कायमचा उमरेडले राहाले येणार आहे. कौसा संध्याकाळी झाडाखाली बसून तांदूळ निवडत होती. म्हणे, "दादानं मले जल्मभर देल्लं. मी त्याले काय देल्लं? चहा. तोही त्यानंच आणलेल्या कपात."

मी म्हटलं, "साखर आपली होती."

ती नाई हसली. म्हणे, "एकदा तरी असं काही त्याच्या हातावर ठेवायचं आहे, जे माह्या दारचं आहे. फाल्गुनात हे पिकन. तोही फाल्गुनातच येऊन राहिला. बस. मले दुसरं काही नाई पाहिजे."

लग्न होऊन इतले वर्ष झाले, बायकोनं 'दुसरं काही नाई पाहिजे' म्हणावं, असा योग माह्यासारख्याले पुन्हा कधी येणार? मी मनातल्या मनात ठरवलं, हिले दोन-चार घोस नाई, टोपलं भरून लोकाट देयाचे. अन् मी काही ठरवलं का घरच्यांनी सावध व्हावं, हे तेव्हा घरच्यांले माहीत नव्हतं.

तितक्यात उमरेडहून खबर आली का सासूबाई न्हाणीत घसरल्या, पाय मोडला. कौसा पोट्टे घेऊन निघाली. येष्टीत चढता चढता तिनं मले एकच गोष्ट सांगितली. जेवणाचं नाई सांगितलं, कुलपाचं नाई सांगितलं. म्हणे, "सकाळी दोन बाल्ट्या. विसरू नका." मी म्हटलं, "तू फिकर नको करू." गाडी हलली तरी ती खिडकीतून दोन बोटं दाखवून राहिली होती. कंडक्टरले वाटलं दोन तिकिटं राहिले.

पहिले काही दिवस मी इमानदारीनं पाणी टाकलं. मंग एका सकाळी श्रावणजी आले. श्रावणजी म्हणजे आमच्या बाजूचे म्हातारे, सारी जिंदगी काटोलकडं संत्र्याच्या बागेत गेलेली. डोळ्यानं कमी दिसे म्हून झाडाले हात लावून पाहत. त्यांनी फुलाचा घोस चाचपला, हुंगला अन् तोंड वाकडं केलं.

"गणपत, हे फूल कवाचं गा?"

"कार्तिकातलं, श्रावणजी."

"अवकाळी आहे. हस्ताचा बहार. ह्या फुलात दम नसते, ह्याचं फळ टिकत नाई. तोडून टाक पाणी. ताण दे. माघात पाह्य कसं अंगभर फुलते."

आता ताण म्हणजे काय ते सांगतो. संत्र्याच्या झाडाचं पाणी तोडतात. आळं खांदून मुळ्या उघड्या पाडतात. झाड सुकते, पानं लोळते, पाहणाऱ्याले वाटते मेलं. मंग खत-माती लोटून भरपूर पाणी देल्लं का ते फुलानं पांढरं होते. आमच्याकडच्या माणसाले दुसरं काही येवो न येवो, ताण येते. मी तिसरीत दोनदा बसलो अन् दोनदा उठलो, पण ताण कवा द्यायचा हे मले झोपेतून उठवून विचारा.

बात डोक्यात घुसली. माघातल्या फुलाचं फाल्गुनात फळ कसं होईन, हा हिशेब काही घुसला नाई. दुसऱ्या दिवशी पेट्यांच्या अड्ड्यावर विचारलं. तिथं सारे संत्र्याचेच माणसं. एकानंही लोकाट पाह्यलं नव्हतं, पण साऱ्यांनी सल्ला देल्ला. "झाड आहे ना? मंग ताण पाहिजेच." "पाणी देऊन देऊन बायकोनं झाड लाडावलं गा तुहं." "मुळ्याले ऊन दाखव, मंग पाह्य मजा."

आलो अन् फावडं घेतलं. आळं खांदलं. मुळ्या उघड्या पाडल्या. बाल्टी उपडी करून तिच्यावर बसलो अन् बिडी पेटवली. मले लय अभिमान वाटला. वाटलं, कौसा येईन, झाड फुलानं पांढरं पाहीन, अन् म्हणन, 'बाप्पा, हे तुम्ही केलं?'

तिनं शेवटी तेच म्हटलं. शब्दही तेच होते.

पौषातल्या एका दुपारी ती आली. हातात थैली, काखेत लहाना. दारातच थबकली. आंगणभर तपकिरी फुलाचा सडा पडला होता, पानं वाळून पापडावानी मोडत होते, अन् मुळ्या अशा वर आल्या होत्या जशा म्हाताऱ्याच्या हाताच्या शिरा. मी लगबगीनं समोर गेलो. म्हटलं, "घाबरू नको, मेलं नाई. ताण देल्ला. माघात..."

"बाप्पा, हे तुम्ही केलं?"

"श्रावणजी म्हणे..."

"हे संत्रं आहे काय?"

इतल्या साऱ्या माणसांत, माह्यासकट, हा एक प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

ती भांडली असती तं बरं झालं असतं. भांडण मले जमते, मी हरतो पण जमते. तिनं लहान्याले माह्या हातात देल्लं, थैली ठेवली, हातानं माती लोटून मुळ्या झाकल्या अन् बाल्टी घेऊन नळावर गेली. चेहऱ्यावरची येष्टीची धूळही तिनं पुसली नव्हती. मी लहान्याले काखेत मारून मागं मागं दुसरी बाल्टी घेऊन गेलो. नळावरच्या बायांनी हंडे बाजूले सारले. माह्या हातात बाल्टी पाहून त्यांले वाटलं कुठी आग लागली.

रात्रीच्या जेवणाले ती म्हणे, "आता दादाच्या हातावर काय ठेवू?" रागानं नाई म्हणे, खरंच विचारून राहिली होती. साखर आपली आहे म्हणाची माही हिंमत नाई झाली.

मी कधीकधी ह्या ताणाचा विचार करत बसतो. पेट्या ठोकताना डोकं रिकामंच असते. संत्र्याले तहान लागल्याशिवाय फूल सुचत नाई, ही गोष्ट खरी आहे. पण हे लोकाट तहान लागली का हातातलंही सोडून देते. माणसाचंही तसंच असन. माह्या बापानं मले भल्ला ताण देल्ला, उपाशी ठेवलं, उन्हात उभं केलं, मले काही बहार आला नाई. अन् कौसाचं पाह्य. तिले कोणी ताण देयाची गरजच नव्हती, तिले दोन बाल्ट्या लागत होत्या, तेवढ्यात ती साऱ्या घराले सावली देत होती. हे ओळखाले बागवान लागत नाई. डोळे लागतात. माहे डोळे चांगले होते, तरी श्रावणजीच्या डोळ्यांनी पाह्यलं.

काही दिवसांनी सकाळी कौसानं हाक मारली. "अवो, इकडं या." आवाज वेगळा होता. मोरीच्या बाजूची फांदी तिनं वाकवून धरली होती. त्या फांदीवर हिरवे मणी धरले होते. थोडेच, पण धरले होते. बाकीचं झाड रिकामं, अन् हीच एक फांदी भरलेली.

कौसा विचार करत राहिली. मंग आंघोळीच्या दगडाकडं पाह्यलं. मंग माह्याकडं.

"मी नव्हती तेव्हा तुम्ही आंघोळ करत होते काय?"

"करत होतो ना."

"रोज?"

आता पौषातली थंडी, बायको घरात नाई, पाणी तापवून देणारं कोणी नाई. मी खरं सांगितलं. म्हटलं, "मन झालं तवा."

ती हसली. उमरेडहून आल्यापासून पहिल्यांदा हसली, फांदी हातातून सुटेपर्यंत हसली. "म्हणजे तुमच्या जितक्या आंघोळ्या तितके फळं राहिले! अन् रोज आंघोळ केली असती तं टोपलं भरलं असतं वं माय!" ही गोष्ट दुपारपर्यंत गल्लीभर झाली. आजही लोकाट पिकले का बाया म्हणते, "औंदा गणपतभाऊनं मन लावून आंघोळ केली."

त्यानंतर मी थंडी-वारा पाह्यला नाई. रोज दोनदा आंघोळ केली. अंगाले खाज सुटली, पण फळं फुगत गेले.

माघ सरला, फळाले पिवळेपणा आला अन् खारी आल्या. बुलबुल आले. कौसानं माह्या जुन्या बनियना कापून छोट्या छोट्या पिशव्या शिवल्या अन् घोसाले बांधल्या. कापड कमी पडलं तं पट्ट्याच्या चड्डीलेही कैची लावली. साऱ्या येणाऱ्याजाणाऱ्यांले माहे कपडे झाडावर अन् मी खाली, असं दिसे. श्रावणजीनं चाचपून विचारलं, "हे कोणतं फळ आहे गा, नाडीवालं?"

मी म्हटलं, "ताणाचं."

म्हातारे बिचारे ओशाळले. नंतर रोज काठी घेऊन खारी हाकलाले येऊन बसत. दिसत नव्हतं, तरी बसत. आवाजावरून काठी आपटत. एकदा माह्या पाठीत बसली. मी काही बोललो नाई, खारीएवढं तं माहंही चुकलंच होतं.

होळी झाली. रंग अजून कानामागं होता अन् नामदेवदादा आला. ह्या खेपेले ट्रंक लहान होती. माणूसही थोडा लहान वाटला. वर्दी नव्हती, साधा सदरा होता, अन् हाताचं काय करावं हे त्याले समजून नव्हतं राहिलं. तरी ट्रंक उघडलीच. कौसाले शाल, पोट्ट्यांले बूट, मले एक फौजी मफलर. स्वतः उठून पाणी पिऊन आला.

कौसानं पितळेची ताटली आणली. त्यात पिवळे लोकाट, धुवून पुसून ठेवलेले. ताटली त्याच्यासमोर ठेवली अन् उभी राहिली. मी भिंतीले टेकून राहिलो, गरज पडली तं बाहेर पळता यावं म्हून.

दादानं एक उचललं, पाह्यलं. "हे... तेच?"

"तेच. तू आणलं होतं त्याचंच."

त्यानं साल काढली, खाल्लं. चावला. थांबला. खोटं बोलणं त्या माणसाले जमत नाई.

"आंबट आहे वं बाई," तो म्हणे.

मी मधीच उडी घेतली. "दादा, ते झाडाचं नाई, ते माहं आहे. ते गोडच होणार होतं, मी ताण देल्ला." अन् सारी कथा सांगितली, श्रावणजी, फावडं, आंघोळ, चड्डी, काही सोडलं नाई. दादा हसून हसून लोळला. पण मी कौसाकडं पाहून राहिलो होतो. ती आतमधी निघून गेली.

मले वाटलं, गेली रडाले. मी उठणार तितक्यात ती बाहेर आली. हातात वाटी होती. वाटीत मीठ अन् लाल तिखट कालवलेलं, आपण कैरीसंग खातो ना, तसं.

"आता खाऊन पाह्य," तिनं म्हटलं.

दादानं दुसरं लोकाट सोललं, बोटानं गर फोडला, तिखट-मिठात बुडवला. तोंडात टाकला. एक डोळा मिटला. टाळ्याले जीभ लावून टक्‌ असा आवाज केला, अन् तिसरं उचललं. मंग चौथं. कपाळावर घाम आला, नाक वाहाले लागलं, बाहीनं पुसलं अन् पुढचं घेतलं. कोणाशी बोलला नाई, कोणाले घे म्हटलं नाई. पोट्टे तोंडाकडं पाहत राहिले. मले तं एकही भेटलं नाई. ताटलीत फक्त बिया उरल्या.

दादानं ताटलीकडं पाह्यलं. मंग कौसाकडं. अन् म्हणे, "अजून आण ना वं."

त्यानं आमच्या घरी काही मागितलं होतं.

कौसा आरामात खाली बसली. पदर नीट केला, पाय लांब केले, भिंतीले टेकली. एखाद्या मालगुजाराच्या बायकोवानी.

"नाई आहे," ती म्हणे. "संपले."

"कसे संपले? झाड तं एवढं मोठं आहे."

"संपले म्हणते ना. पुढच्या फाल्गुनात ये. अन् आधी कळवून येजो, मले तुह्यासाठी राखून ठेवा लागते."

"बरं," दादा म्हणे, "कळवतो." अन् वाटीतलं उरलेलं तिखट-मीठ बोटानं पुसून चाटाले लागला.